एकाच नाकपुडीची सर्दी

दसरा-दिवाळी उलटली की नंदुरबार शहराच्या कडेने मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. ओल्या लाल मिरचीचे थर उन्हात वाळत पडलेले असतात, मजूर बाया तोंडाला फडकं गुंडाळून ती खालीवर करत असतात आणि जरा वारा सुटला की रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. या दिवसांत इथे नाक गळणं ही कुणाला तक्रारच वाटत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकाच्या आतल्या अस्तरातल्या, उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचतं. मग आग होते, शिंका येतात, पाणी वाहतं. हे पाणी दोन्ही नाकपुड्यांतून येतं, पातळ असतं, त्याला वास नसतो आणि पथारीपासून लांब गेलं की ते आपोआप थांबतं.

दुसरी एक सर्दी याहून अगदी वेगळी असते. तिच्यात एकाच बाजूचं नाक चोंदतं आणि ते महिनोन्महिने तसंच राहतं. त्याच बाजूचा गाल जड होतो, खाली वाकलं की डोळ्याखाली ठणकतं. शेंबूड घट्ट, पिवळसर-हिरवट येतो, रात्री घशात उतरतो आणि सकाळी तोंडाला घाण चव असते. शिवाय वास येतो. काहीतरी कुजल्यासारखा हा वास बऱ्याचदा रुग्णाला स्वतःलाच येत राहतो आणि घरचे म्हणतात, आम्हाला तर काही येत नाही. ‘सायनसचा त्रास आहे’ म्हणून गोळ्या होतात, आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. दोष मिरचीला जातो, थंडीला जातो, धुळीला जातो. वरच्या दाढेकडे कुणी बघत नाही, कारण ती दुखत नसते.

सर्दी एका बाजूची असेल, तिला घाण वास असेल आणि ती औषधांना दाद देत नसेल, तर आधी त्या बाजूच्या वरच्या दाढा तपासायला हव्यात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे जास्तच कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण इथे दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचणं आणि तिथले उपचार शेवटपर्यंत नेणं या दोन्ही गोष्टी अवघड आहेत. पण त्याआधी नाक आणि दाढ यांचा संबंध काय, ते पाहू.

आपल्या दोन्ही गालांच्या हाडांत एकेक पोकळी असते. मोठ्या माणसात तिच्यात साधारण पंधरा मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचाभर हवा मावते. ही गालाची सायनस. लहानपणी ती छोटी असते. बाराव्या वर्षाच्या आसपास तिचा तळ नाकाच्या तळाशी समपातळीवर येतो आणि कायमचे दात आल्यावर आणखी खाली सरकतो. प्रौढ माणसात तो नाकाच्या तळाच्याही खाली गेलेला असतो आणि तिथे त्याची गाठ दाढांच्या मुळांशी पडते. वरची पहिली आणि दुसरी दाढ, तसंच त्यांच्या पुढची उपदाढ, यांची मुळं सायनसच्या तळाच्या सगळ्यात जवळ असतात. मधलं हाड एक-दोन मिलिमीटरचं असतं. काही माणसांत तेवढंही नसतं आणि मुळाचं टोक थेट सायनसच्या पातळ अस्तराखाली येतं. म्हणून दाढेतून सायनसमध्ये चढणारा हा आजार मुख्यतः मोठ्या माणसांचा आहे.

या पोकळीची रचना विचित्र आहे. तिचं नाकात उघडणारं भोक जेमतेम दोन ते चार मिलिमीटरचं असतं आणि तेही वरच्या अंगाला. पाण्याच्या टाकीला तळाशी तोटी न बसवता वरच्या कडेजवळ बसवावी, तसा हा प्रकार. तरीही निरोगी सायनसमध्ये काही साचत नाही, कारण तिच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा फटके मारत चिकट द्रवाचा थर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवून त्या भोकाकडे नेतात. अस्तर सुजलं की भोक बंद होतं, तंतू मंदावतात आणि पू तळाशी साचायला लागतो. तळाशीच दाढांची मुळं असतात.

हा संबंध आजचा शोध नाही. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी कवटीच्या चित्रांत ही पोकळी दाखवली होती. १६५१ मध्ये नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याने शरीररचनेवरच्या आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. आजही काही पुस्तकांत ती हायमोरची पोकळी म्हणून येते. त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या खड्ड्यातून सतत स्राव येत राहिला. तिने तिथे एक सळई घालून पाहिली, मग पिसाची दांडी घातली. ती इतकी आत गेली की आपण मेंदूपर्यंत पोचलो या भीतीने ती त्याच्याकडे धावली. पुढे १७०७ च्या सुमारास विल्यम कूपर आणि जेम्स ड्रेक यांनी गालातला पू काढायला दाढ उपटून तिच्या खड्ड्यातून वाट करायची पद्धत मांडली आणि शस्त्रवैद्य ती बराच काळ वापरत राहिले. सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतो हे माहीत नसलेल्या काळातही दाढेच्या खड्ड्यातून गालात जाता येतं, हे त्यांच्या हाताला कळलेलं होतं. तिथे नेमकं कोण राहतं, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडलं.

साध्या सर्दीनंतर सायनसमध्ये जो संसर्ग होतो, त्यातले जिवाणू श्वसनमार्गातलेच असतात: न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, मोराक्सेला. हे हवेत वाढणारे जीव आहेत. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने ते दिसतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना बऱ्याचदा दाद देतात. दाढेतून वर जाणारी मंडळी वेगळी. तोंडात आजवर सातशेहून अधिक जातींचे जिवाणू नोंदले गेले आहेत आणि दातांवर बसणाऱ्या चिकट थराच्या एका ग्रॅममध्ये सुमारे शंभर अब्ज जिवाणू असू शकतात. त्यांतले कित्येक ऑक्सिजन सहन न करणारे, म्हणजे अ‍ॅनेरोबिक आहेत. उघड्या तोंडात, भरपूर हवेत हे जगतात कसे? ते हिरडीच्या फटीत, थराच्या खोल भागात, जिथे वरचे जिवाणू सगळा ऑक्सिजन आधीच वापरून टाकतात तिथे राहतात. फ्युझोबॅक्टेरियम हा चातीसारखा दोन्ही टोकांना निमुळता जिवाणू तर बाकीच्या अनेक जातींना स्वतःला चिकटू देतो आणि त्याच्या आधाराने सगळी वसाहत उभी राहते.

दाढ किडते तेव्हा सुरुवातीला काम करतात ते आम्ल तयार करणारे जिवाणू. दातावरची पीएच साडेपाचाच्या खाली गेली की एनॅमल विरघळायला लागतं. खड्डा आतल्या मऊ गाभ्यापर्यंत, नसेपर्यंत, पोचला की असह्य ठणका लागतो. मग एके दिवशी दुखणं थांबतं. लोक म्हणतात, बरी झाली. खरं तर नस मेलेली असते. तिच्या बंद नळीत रक्तपुरवठा नाही, संरक्षक पेशी नाहीत, ऑक्सिजन नाही. अ‍ॅनेरोबिक जिवाणूंना याहून चांगली जागा कुठे मिळणार?

या टप्प्यावरची दोन संशोधनं मला फार महत्त्वाची वाटतात. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून नस उघडी केली. जंतूच नसल्याने त्या दाढा सडल्या नाहीत. उलट जखमेवर नवं दंतद्रव्य तयार झालं. साध्या उंदरांत तेच छिद्र नस मारून मुळाशी गळू करून गेलं. म्हणजे उघडी पडल्यानेच नस सडते असं नाही. ती जिवाणूंमुळे सडते. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या ग्योरान सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण वरून अखंड दिसणारे दात तपासले. मुळाशी हाड झिजलेलं होतं अशा दातांतच जिवाणू सापडले आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक अ‍ॅनेरोबिक निघाले. दात बाहेरून धड दिसतो म्हणून तो आतून जिवंत असेलच, ही खात्री त्या दिवसापासून संपली.

नंदुरबारात या अखंड दिसणाऱ्या मृत दाताला एक खास अर्थ आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजारावर अनेक दशकं काम केलेल्या डॉ. सुदाम काटे यांच्या सर्वेक्षणांतून ते ठळकपणे पुढे आलं; त्या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. दाताच्या नसेला रक्त पुरवणारा मार्ग मुळाच्या टोकाच्या, मिलिमीटरचाही काही अंशच असलेल्या छिद्रातून जातो. दुसरा मोठा आडमार्ग नाही. तो तुंबला तर कीडही नसलेल्या, धडधाकट दाताची नस गुपचूप मरू शकते, आणि सिकलसेलच्या रुग्णांत असे दात आढळल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. एनॅमलच्या बारीक चिरांतून किंवा हिरडीच्या बाजूने जिवाणू आत गेले की पुढचा प्रवास तोच. याच्या उलटही घडतं. सिकलसेलच्या झटक्यात जबड्याचं हाड दुखतं, ते दाढदुखीसारखं वाटतं आणि चांगली दाढ हकनाक काढली जाते. म्हणून सिकलसेलचं कार्ड असलेल्या माणसाने ते दातांच्या डॉक्टरलाही दाखवावं. त्या डॉक्टरनेही नुसता आरसा आणि टोचणी न वापरता नस जिवंत आहे का, हे थंडाव्याने किंवा विजेच्या सूक्ष्म झटक्याने तपासावं.

मुळाशी जमलेला पू सगळ्यात कमी विरोध असेल तिकडे वाट काढतो. खालच्या दाढेत तो गालाकडे किंवा गळ्याकडे उतरतो. सूज येते, माणूस घाबरून दवाखान्यात जातो. वरच्या दाढेचा पू मात्र पातळ हाड झिजवून वर सायनसमध्ये रिकामा होऊ शकतो. तिथे जागा भरपूर असल्याने दाब सुटतो आणि दाब सुटला की दाढ दुखायची थांबते. या आजाराची सगळी फसवणूक इथे आहे. दातांमुळे सायनस बिघडलेल्या अनेकांना दातदुखी नसतेच. ती असायलाच हवी, असं धरून चालणारे डॉक्टर आणि रुग्ण दोघंही वर्षानुवर्षं चुकीच्या ठिकाणी शोधत राहतात.

दाढेतले आणि सायनसमधले जंतू खरंच एकच आहेत का? १९९६ मध्ये इट्झाक ब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या पाच रुग्णांवर हे पाहिलं. मुळाचं गळू आणि त्याच बाजूची सायनस, दोन्हीकडून सुईने पू ओढून तपासला. दोन्हीकडे तेच रहिवासी सापडले: प्रीव्होटेला, पॉर्फिरोमोनास, फ्युझोबॅक्टेरियम, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस. ब्रूक यांनीच पुढे केलेल्या मोठ्या अभ्यासातही दातांपासून झालेल्या सायनसच्या संसर्गात, नव्या आणि जुन्या दोन्ही प्रकारांत, अ‍ॅनेरोबिक जिवाणूंचंच वर्चस्व दिसलं. त्यांच्या सोबत तोंडातले काही स्ट्रेप्टोकॉकस असतात, कधी स्टॅफिलोकॉकसही. इथे एकट्यादुकट्या जंतूचा रोग क्वचित. चार-पाच जातींचा संघ असतो आणि ते एकमेकांचं पोट भरतात. हवेत जगू शकणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात, मग हवा न सोसणारे फोफावतात. भोक आधीच सुजून बंद झालेलं असल्याने बाहेरून हवा येत नाही.

वासाचं कारणही हेच. हे जिवाणू प्रथिनं मोडून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन, ब्युटिरिक आम्ल अशी द्रव्यं सोडतात. सडक्या अंड्याचा वास पहिल्या वायूचा, खवट लोण्याचा ब्युटिरिक आम्लाचा. नाकाच्या आतल्याच बाजूला ती तयार होत असल्याने रुग्णाला ती अगोदर जाणवतात. साधी सर्दी कितीही जुनी असली तरी असा वास सहसा येत नाही. माझ्या मते या आजारात एक्स-रेच्याही आधी ऐकायची गोष्ट हीच आहे: ‘डॉक्टर, मला माझ्याच नाकात घाण वास येतो’, हे रुग्णाचं वाक्य.

तरीही प्रयोगशाळेचा अहवाल बऱ्याचदा रिकामा येतो. नाकात कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना साध्या भांड्यात ठेवला तर त्यावर नाकातले हवेत वाढणारे जिवाणू उगवतात आणि खरे दोषी हवा लागताच मरतात. त्यांना पकडायचं तर पू सिरिंजने ओढावा लागतो, हवेचा बुडबुडा काढून टाकावा लागतो, लवकर पोचवावा लागतो आणि ऑक्सिजन काढून घेतलेल्या बंद बरणीत रक्तमिश्रित माध्यमावर बरेच दिवस ठेवावा लागतो. तिथे पॉर्फिरोमोनासच्या आणि प्रीव्होटेलाच्या काही जातींच्या वसाहती आधी फिकट दिसतात, मग दिवसागणिक तपकिरी होत शेवटी काळ्याभोर होतात. रक्तातलं लोहयुक्त रंगद्रव्य त्या स्वतःवर साठवतात. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय मिळणं कठीण. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२० मध्ये. सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीहून निघालेला नमुना घाट उतरून हवा न लागता तिथे पोचणं ही वेगळीच कसरत. म्हणून ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल या आजारात निर्धास्त करणारा धरू नये.

औषधांचंही असंच. प्रीव्होटेला आणि फ्युझोबॅक्टेरियम यांच्या अनेक वाणांकडे बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर असतं. ते पेनिसिलिनच्या कुळातली औषधं फोडून टाकतं. नुसती अ‍ॅमॉक्सिसिलिन म्हणूनच कित्येकदा हरते. तिच्याबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलं तर ते त्या विकराला अडवतं. औषधाच्या दुकानात सहज मागितली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन या कुळावर फारशी चालत नाही. मेट्रोनिडाझोल मात्र खास यांच्याचसाठी बनल्यासारखं वागतं: ऑक्सिजन नसलेल्या पेशीत शिरल्यावरच ते सक्रिय होऊन तिचा डीएनए तोडतं. तोंडातल्या जंतूंवरचा त्याचा उपयोग योगायोगाने कळला. १९६२ मध्ये लंडनच्या डेव्हिड शिन या दंतवैद्याने नोंदवलं की एका बाईला स्त्रीरोगासाठी हे औषध दिलं आणि तिच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या.

पण योग्य औषधही दाढ तशीच ठेवून दिलं तर आजार उलटतो. मेलेल्या नसेच्या नळीत रक्त जात नाही, म्हणजे रक्तातून येणारी गोळीही तिथे पोचत नाही. वर सायनसमध्ये जंतू कमी होतात, आठवडाभर बरं वाटतं आणि खालच्या साठ्यातून नवी भरती सुरू होते. दर खेपेला गोळी बदलत गेलो तर वाचतात ते औषधाला न जुमानणारे. माणसाचे पैसे जातात, औषधाची धार जाते आणि दाढ होती तिथेच असते.

निदानाला महागडं यंत्र पहिल्याच दिवशी लागत नाही. दातावर ठोकून पाहणं, नस जिवंत आहे का हे पाहणं, हिरडीचा खिसा मोजणं आणि त्या दाढेचा छोटा एक्स-रे, एवढ्यावर बरंच कळतं. साध्या एक्स-रेत वरच्या दाढांची मुळं, गालाचं हाड आणि सायनस एकावर एक पडतात, त्यामुळे काही दोष सुटतात. तिथे सीटी स्कॅन किंवा दातांसाठीचा सीबीसीटी उपयोगी पडतो. सीटी करताना दाढांची मुळं चित्रात पूर्ण आली पाहिजेत, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ती स्वतः पाहायला हवीत. अहवालात ‘उजव्या गालाची सायनस भरलेली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तिच्या तळाशी मुळाभोवतीचा काळा गोल तसाच नजरेआड राहतो, असं बऱ्याचदा घडतं.

जुन्या पुस्तकांत गालाच्या सायनसच्या संसर्गातले दहा-बारा टक्केच दातांमुळे, असं लिहिलेलं असे. सीटी स्कॅन वापरात आल्यावर हा आकडा बराच वर गेला. जुनाट संसर्गात तो चाळीस टक्क्यांपर्यंत आणि एकाच बाजूच्या संसर्गात त्याहूनही जास्त सांगितला जातो. रोग वाढला की आपण नीट पाहायला लागलो? उत्तर बहुतेक नीट पाहायला लागलो हेच आहे. एक नवं कारण मात्र शहरांतून आलं आहे. दातांचे इम्प्लांट बसवताना किंवा त्यासाठी सायनसचं अस्तर उचलताना ते फाटलं, रूट कॅनालमध्ये भरलेलं द्रव्य मुळाच्या पलीकडे गेलं, तर तेही संसर्गाचं बीज ठरतं. जस्त असलेल्या अशा द्रव्याभोवती कधी कधी अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा वाढतो.

उपचाराचा क्रम दातांचे डॉक्टर आणि नाकाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचा असतो. वाचण्यासारखी दाढ असेल तर रूट कॅनाल, नसेल तर ती काढणं, जोडीला योग्य प्रतिजैविक. बऱ्याच रुग्णांत सायनस एवढ्यानेच महिना-दोन महिन्यांत निवळते. नाही निवळली, किंवा सुरुवातीलाच त्रास फार असला, तर दुर्बिणीतून तिचं नैसर्गिक भोक मोठं केलं जातं. कॉल्डवेल आणि ल्यूक यांच्या नावाची, ओठाखालून हाड कापून जाणारी जुनी शस्त्रक्रिया आता क्वचितच करतात.

दाढ काढण्याबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. वरची दाढ काढल्यावर पाणी प्यायलं आणि ते नाकातून आलं, किंवा बोलताना खड्ड्यातून हवा फुसफुसली, तर तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडलं आहे. ते दोन मिलिमीटरच्या आतलं असेल तर रक्ताची गुठळी टिकवली की बहुधा आपोआप भरतं. मोठं असेल तर डॉक्टरांना हिरडीचा पदर ओढून टाके घालावे लागतात. तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, बिडी-सिगारेट बंद. तंबाखूची मशेरी तर त्या जखमेजवळही नको. पदवी नसलेल्या माणसाकडून बाजारात दाढ उपटून घेतली तर हे भोक कुणी पाहत नाही, आणि मुळाचा तुकडा वर सायनसमध्ये ढकलला गेला तरी कुणाला कळत नाही.

धोक्याची चिन्हं वेगळी. डोळ्याची पापणी सुजली, दोन-दोन दिसायला लागलं, तीव्र डोकेदुखीबरोबर मान आखडली किंवा शुद्ध हरपू लागली, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे गेलेला असू शकतो. तिथे एक तासही घालवू नये. मधुमेहींनी आणखी सावध राहावं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. एका बाजूचा गाल बधिर, दात हलायला लागलेले, नाकातून काळपट स्राव. वरून चित्र सारखं वाटलं तरी तो बुरशीचा रोग आहे, फार वेगाने पसरतो आणि अनेकांचे वरचे जबडे त्यात गेले.

आणि मग अंतराचा प्रश्न. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत यायचं तर अक्राणी तालुक्यातल्या माणसाचा दिवस जातो. शस्त्रक्रियेसाठी धुळे किंवा सुरत. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तसे इथल्या कित्येक रुग्णांचे कागद दोन राज्यांत विभागलेले असतात: दाढ एका ठिकाणी काढलेली, सीटी दुसरीकडे, गोळ्या तिसरीकडे. एक्स-रेची फिल्म आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत जपून ठेवली तरी पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम होतं.

रूट कॅनालला सहसा दोन-तीन फेऱ्या लागतात. दिवाळीनंतर सातपुड्यातली हजारो माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. पहिल्या फेरीत नस काढून, नळीत औषध ठेवून, वर तात्पुरतं सिमेंट बसवलेलं असतं. ते काही आठवड्यांसाठी असतं, चार महिन्यांसाठी नाही. फडात असताना ते झिजतं, थुंकी आत झिरपते आणि धुऊन काढलेल्या नळीत पुन्हा तीच वसाहत बसते. या वेळी तिच्यापुढे नस नावाचा अडथळाही नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या वरच्या दाढेचं काम नवरात्रात सुरू करून दिवाळीच्या आत कायमचं बंद करता यावं, अशा तारखा दातांच्या डॉक्टरांनी द्याव्यात. ते जमण्यासारखं नसेल तर त्याच वेळी दाढ काढून टाकण्याचा पर्याय रुग्णापुढे स्पष्ट शब्दांत, त्याला समजेल त्या पावरी, भिली किंवा अहिराणीत ठेवावा.